हरभऱ्यात ठिगळं पडतात, एकरी पाच क्विंटलच्या वर जात नाही – मदत हवी आहे

काळीभुई
कारंजा तालुका, खोल काळी जमीन. सोयाबीनवर हरभरा, सलग चौथं वर्ष. जाकी ९२१८ वाण, एकरी ३० किलो, ट्रॅक्टरने १८ इंचांवर, ६ ऑक्टोबरची पेरणी. सोबत एक बॅग डीएपी. बियाणं घरचं, त्याला सोयाबीनचं उरलेलं रायझोबियम (मुळावर गाठी करून नत्र देणारा जिवाणू) लावलं. उगवण छान झाली, पण २० दिवसांनंतर जागोजागी झाडं पिवळी पडून वाळताहेत. दरवर्षी हेच. जी वाचतात ती माजतात (नुसती पाल्याने वाढतात) आणि फुलं गाळतात. विहिरीवर स्प्रिंकलर आहे. दुकानात सांगितलं की मर रोग आहे, बुरशीनाशकाची आळवणी करा (पाण्यात मिसळून मुळाशी ओता). करू का? आणि युरिया टाकावा का?

मुळापासून
भाऊ, आळवणीचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. आपल्याकडे वाळलेल्या प्रत्येक झाडाला मर म्हणायची सवय पडली आहे. पूर्ण वाळलेलं नको, नुकतं पिवळं पडू लागलेलं झाड मुळासकट उपटा.

जमिनीलगतची मान कुजून बारीक झालेली, तिच्यावर पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे गोल दाणे दिसले, तर ती मानकूज. मान धडधाकट असेल तर मूळ ब्लेडने उभं चिरा. आत मधोमध काळपट-तपकिरी रेघ दिसली तर खरी मर. मूळ कोरडं, काडीसारखं कटकन मोडणारं आणि तंतुमुळं झडलेली असतील तर कोरडी मूळकूज, पण ती बहुधा पुढे, जमीन सुकून ऊन तापल्यावर येते.

हे कळल्याशिवाय औषध सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

तिफन_सरते
त्यासोबत झाडं मोजा. १८ इंचांच्या पेऱ्यात एका तासाची (पेरणीच्या ओळीची) २.२ मीटर लांबी म्हणजे एक चौरस मीटर. ३० किलो बियाण्यात तिथे २५ ते २८ झाडं हवीत. शेतात दहा ठिकाणी मोजून सरासरी काढा. १५-१६ भरली तर उतारा तिथेच गेला, मग वरून कितीही टॉनिक मारा.

दुसरं म्हणजे रायझोबियम. सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याच्या मुळावर गाठी करत नाही, पाकीट हरभऱ्याचंच लागतं. खात्री करायची तर झाड खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढा (उपटलं की गाठी जमिनीतच राहतात), पाण्यात हलवून धुवा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्र मिळतंय. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ बिनकामाची.

युरिया जमिनीतून नकोच. तुमचं पीक आधीच माजलंय. फुलोऱ्यात २ टक्क्यांची फवारणी, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम, एवढं पुरे.

खारपाणपट्टा
मधेच विचारतो. दर्यापूरकडे बोअरचं पाणी खारं आहे. तेच स्प्रिंकलरने दिलं तर चालेल?

तिफन_सरते
नाही दादा. हरभऱ्याला खार अजिबात सोसत नाही, त्यात स्प्रिंकलरने ते थेट पानावर पडतं. तुमच्याकडे सप्टेंबरअखेर ते १० ऑक्टोबरदरम्यान ओलीवर ७ ते १० सेंमी खोल पेरा आणि डवरणीने (ओळींमधली माती वरवर हलवून) ओल टिकवा. शेततळ्याचं गोडं पाणी असेल तर एकच, घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) भरताना.

काळीभुई
उपटून पाहिलं. मान कुजलेली, तिच्यावर तपकिरी मोहरीसारखे दाणे. मूळ चिरलं तर आत स्वच्छ. झाडं सरासरी १७. गाठी मोजक्याच, त्याही पांढऱ्या. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) रोटावेटरने मातीतच कालवलं होतं.

मुळापासून
मग मानकूजच. अर्धवट कुजलेलं कुटार हे त्या बुरशीचं खाद्य, वरून ऑक्टोबर हीटची ऊब आणि पेऱ्यातली ओल. पाण्याची सोय असताना ६ ऑक्टोबरची घाई कशाला? २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर हा तुमचा पेरा, तोवर ऊन उतरतं.

आता वाळलेली झाडं परत येणार नाहीत. ती मातीसकट काढून शेताबाहेर पुरा, धुऱ्यावर फेकू नका, दाणे पावसाने परत शेतात येतात. डवरणी करून वरचा थर सुकू द्या. थंडी वाढली की हा रोग आपोआप थांबतो. आज-उद्याच शेंडे खुडा, वरचे २-३ सेंमी, फुलं लागायच्या आत. फांद्या फुटून मोकळी जागा थोडी भरेल, माजही आवरेल. आता फांद्या फुटताना पाणी द्यायचं तर वरचा थर सुकल्यावर, पण भेगा पडायच्या आत. दुसरं घाटे भरताना, साधारण ६०-६५ दिवसांनी. ऐन फुलोऱ्यात स्प्रिंकलर बंद ठेवा, तुमची फुलगळ निम्मी तिथली आहे.

पुढच्या वेळी कुटार आधी शेताबाहेर काढा. बियाण्याला कार्बोक्झिन अधिक थायरम हे बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम चोळा, सुकवा, मग पेरणीआधी हरभऱ्याचं रायझोबियम किलोला २५ ग्रॅम, सावलीत. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) त्याच बियाण्याला लावू नका, बुरशीनाशकाने तोही मरू शकतो. २ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून आठ दिवस ओलसर झाकून ठेवा आणि पेरणीआधी एकरभर फेका. चार वर्षं हरभरा झाला, एक हंगाम तिथे गहू किंवा रब्बी ज्वारी घ्या.

काळीभुई
घाटेअळीचं?

तिफन_सरते
एकरी २० पक्षी थांबे (अळ्या खाणारे पक्षी बसायला काठ्या) आजच रोवा. फुलं दिसली की ५ टक्के निंबोळी अर्क. तासाच्या एका मीटरमध्ये दोन अळ्या सापडल्या तरच कीटकनाशक, इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के, १० लिटरला ४.४ ग्रॅम. संध्याकाळी मारा, आणि त्याआधी पाणी देऊन मोकळे व्हा, नाहीतर स्प्रिंकलर औषध धुऊन नेईल.