मदत हवी आहे: जामखेडच्या दवाखान्याच्या जुन्या आठवणी

नमस्कार मंडळी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं. शाळा न पाहिलेल्या बायकांना त्यांनी गावच्या आरोग्यसेविका केलं. 1979 ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते सगळ्यांना माहीत आहे. मला हवंय ते त्या बायकांचं.

माझी आजी त्यांच्यातलीच. तिच्या पत्र्याच्या पेटीत अजून दोऱ्याचं रीळ, साबणाची वडी आणि चित्रांचे तक्ते आहेत, कडा पार झिजलेल्या. जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, ते ती चित्रावर बोट ठेवून सांगायची.

कुणाच्या घरी सत्तरच्या दशकातले फोटो, वह्या आहेत का? तेव्हाच्या कुणी सेविका बोलायला तयार होतील का? त्या थकत चालल्यात, म्हणून घाई आहे. आणि हे तक्ते वाळवीपासून कसे जपू?