पक्षाविना, पैशाविना वॉर्डाची निवडणूक : आपले अनुभव लिहा

मार्च 2022 मध्ये मुंबई आणि पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे तिथला कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. या काळात मुंबईतल्या प्रभागांची संख्या 227 वरून 236 झाली आणि पुन्हा 227 वर आली. पुण्यात तीन सदस्यांचे प्रभाग ठरले आणि पुन्हा चार सदस्यांचे झाले. अखेर 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले. आपापल्या वस्तीत वर्षानुवर्षे पाणी, कचरा आणि रस्त्यांसाठी झटणाऱ्या अनेकांनी मधल्या काळात उभे राहण्याची तयारी केली होती, आणि हद्दी बदलल्या तशी त्यांना ती नव्याने करावी लागली. 2007 मध्ये जुहूच्या रहिवाशांनी एकमताने पुढे केलेले ॲडॉल्फ डिसूझा मुंबई महापालिकेवर निवडून गेले, त्याचा दाखला आजही दिला जातो. मात्र अशा प्रचारात रोज नेमके काय करावे लागते, हे फारसे लिहिले गेलेले नाही. आपण स्वतः उभे राहिला असाल, कुणासाठी घरोघर फिरला असाल किंवा बूथवर बसला असाल, तर कृपया सविस्तर लिहा. हार-जीत महत्त्वाची नाही, कामाची पद्धत महत्त्वाची आहे.

मुंबई, पश्चिम उपनगर. मतदार यादीचे काम पाहिले.

माझ्या मते वॉर्डाची निवडणूक यादीपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा यादीतच ठरते. 2017 मध्ये आमच्या भागातून एक निवृत्त शिक्षिका अपक्ष उभ्या राहिल्या, तेव्हा यादीची जबाबदारी माझ्याकडे आली. महापालिकेसाठी वेगळी मतदार यादी तयार होत नाही. विधानसभेची यादी प्रभागांच्या हद्दीप्रमाणे फोडली जाते आणि त्या फोडणीत रस्त्याच्या अलीकडची इमारत पलीकडच्या प्रभागात जाऊन पडते. प्रारूप यादीवर हरकती घेण्यासाठी मिळणारा अवधी फार थोडा असतो, आणि तो निघून गेला की पुढे कितीही आरडाओरडा केला तरी उपयोग होत नाही.

आम्ही यादीची छापील प्रत घेऊन प्रत्येक इमारतीची पाने वेगळी केली आणि त्या त्या इमारतीत राहणाऱ्या एका व्यक्तीच्या हाती दिली. कोण वारले, कोण भाडेकरू होते आणि सोडून गेले, कुणाची मुलगी लग्न होऊन सासरी गेली, हे बाहेरच्या माणसाला कधीच कळत नाही. तळमजल्यावरच्या काकूंना मात्र ते न विचारताच ठाऊक असते. आमच्या एका चाळीतल्या आजी चष्मा पुसून एकेका नावावर बोट ठेवत आणि "हा गावी असतो, मतदानाला येईल, पण आदल्या दिवशी फोन करावा लागेल" असे सांगत. त्या पानांच्या समासात पेन्सिलीने केलेल्या अशा नोंदी आम्हाला कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा उपयोगी पडल्या. मुंबईत एका प्रभागात सरासरी 40 हजार मतदार होते आणि त्या वर्षी शहरात मतदान झाले सुमारे 55 टक्के. चार-पाच उमेदवारांत मते वाटली गेली की निकालातला फरक काही शेकड्यांवर येतो, आणि गावी असलेला मतदार वेळेवर परत येण्याला तिथे खरी किंमत असते.

पुणे. चार सदस्यांच्या प्रभागात अपक्ष उमेदवार.

मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो, त्यामुळे वरचा अनुभव आमच्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. पुण्यात 2017 मध्ये चार सदस्यांचा प्रभाग होता आणि एका प्रभागात सरासरी 60 हजारांहून अधिक मतदार येत होते. एवढ्या विस्तारात पायी फिरून प्रत्येक दार गाठणे शक्य नसते. ही रचना पक्षांच्या पॅनेलसाठी सोयीची आहे आणि एकट्या उमेदवाराला ती बाहेर ठेवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण चिन्हाची. पक्षाचे चिन्ह मतदाराच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे असते, तर अपक्षाला चिन्ह मिळते ते माघारीची मुदत संपल्यावर. त्या वेळी माघारीनंतर मतदानापर्यंत जेमतेम दोन आठवडे उरले होते. तोपर्यंत छापलेली सगळी पत्रके नुसत्या नावाची असतात. त्यातही चार जागांसाठी चार मते द्यायची. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी आणि ड ची फिकट निळी. आमच्या प्रचारात आम्ही जाहीरनाम्यापेक्षा जास्त वेळ हेच समजावण्यात घालवला की चारही मते दिल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही, आणि कुणीच पसंत नसेल तर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण त्या जागेसाठी दाबता येते. पुठ्ठ्यावर यंत्राचे चित्र काढून, त्यावर चार रंगांचे कागद चिकटवून आमच्या कार्यकर्त्या महिला बचत गटांच्या बैठकांना जात. पक्षाचे मतदार सहसा एकच चिन्ह शोधत चार वेळा बटण दाबतात. आम्हाला मात्र मतदाराला सांगावे लागे की तीन ठिकाणी तुम्हाला हवे त्याला द्या, क गटात आमचा विचार करा. तसे सांगितल्यावर अनेक घरांतला ताण निवळत असे, कारण पक्षाशी असलेले नाते न तोडता आम्हाला मत देता येते हे त्यांना पटे.

आम्ही हरलो. तरी प्रचारात जमा झालेल्या तक्रारींची वही आम्ही टाकून दिली नाही. पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामे सुचवता येतात, एका कामासाठी 5 लाख रुपयांपर्यंत. वहीतली पदपथाची आणि दिव्यांची कामे आम्ही त्या अर्जांतून सुचवत राहिलो.

सातारा जिल्हा, नगरपरिषद. महिला राखीव जागेवरून लढले.

महापालिकांविषयी वाचले, आता लहान गावाचे सांगते. आमच्या नगरपरिषदेची निवडणूक नोव्हेंबर 2016 मध्ये होती. अर्ज भरून झाले आणि 8 नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. प्रचारासाठी घरात ठेवलेली जी थोडी रक्कम होती ती एका रात्रीत निरुपयोगी झाली. माझ्यासारख्या उमेदवाराला याचा त्रास झाला, पण मदतही झाली, कारण ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचाही हात काही दिवस आखडला. मंडपवाल्यांनी, छपाईवाल्यांनी आणि चहावाल्यांनी उधारीवर काम केले, आणि गल्लीतल्या माणसांनी आपल्या ओसऱ्या बैठकांना दिल्या.

माझा प्रचार नळाच्या वेळेप्रमाणे चालला. आमच्याकडे एका आळीला पहाटे पाणी येते आणि दुसरीला दुपारी. पाणी येते त्या वेळी बायका बाहेर असतात, हंडे रांगेत असतात आणि बोलायला पाऊण तास मिळतो. त्या वेळी भाषण करायचे नाही, हंडा उचलू लागायचे आणि ऐकायचे, असे मला माझ्या सासूबाईंनी सांगितले होते. तिथे मला कळले की लोकांचा राग पाणी कमी येण्यावर नव्हता, ते कधी येईल हे कुणी सांगत नाही यावर होता. मग माझ्या पत्रकावर पहिले आश्वासन तेच आले: वाटपाचे वेळापत्रक प्रत्येक आळीत फळ्यावर लागेल.

महिलांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्यापासून आमच्यासारख्या अनेकींना वाट मिळाली, हे खरेच आहे. तरीही दारात गेल्यावर "साहेब कुठे आहेत?" असा प्रश्न येई, आणि तो माझ्या पतीविषयी असे. त्यांनी ठरवून माझ्यासोबत फिरायचे टाळले. माझ्याबरोबर नेहमी त्याच आळीतली एखादी बाई असे, आणि बोलायचे मीच. मी थोड्या मतांनी निवडून आले. फळे लागले. त्यांवरच्या वेळा पाळल्या जाव्यात म्हणून मात्र पाणीपुरवठा विभागात वारंवार जाऊन बसावे लागले.

ठाणे जिल्हा. उमेदवाराचा खर्च लिहिण्याचे काम केले.

मी बँकेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे हिशोब माझ्याकडे आला. 2017 मध्ये मुंबईसारख्या मोठ्या महापालिकेत खर्चाची मर्यादा 10 लाख रुपये होती आणि आमच्यासारख्या उमेदवाराला तिथवर जाण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते, रोजचा खर्च रोज सादर करावा लागतो, आणि निकालानंतर 30 दिवसांत संपूर्ण हिशोब द्यावा लागतो. तो दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवले जाऊ शकते, आणि हे हरलेल्या उमेदवारालाही लागू आहे. हरल्यावर सगळे पांगतात आणि पावत्या कुणाच्या तरी स्कूटरच्या डिकीत राहतात. म्हणून हिशोबाचा माणूस प्रचारापासून वेगळा ठेवावा. वर्गणीतून आलेला वडापाव आणि मित्राने फुकट दिलेली रिक्षा यांचीही किंमत धरून नोंद करावी.

अर्जाच्या वेळची कागदपत्रेही आधीच गोळा करावीत. महापालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला, घरात शौचालय असल्याचे प्रमाणपत्र आणि शपथपत्र यांपैकी एखादा कागद राहिला तर छाननीत सगळी मेहनत वाया जाते. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झालेल्याला उभे राहता येत नाही, हे माहीत नसलेले इच्छुक मला दरवेळी भेटतात.

नाशिक. बूथवर प्रतिनिधी म्हणून बसले.

मतदान सकाळी साडेसातला सुरू होते. त्याआधी यंत्र चालते का हे पाहण्यासाठी प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान घेतात, आणि ते मोजून पुसले जाते. तिथे आमचा माणूस हजर असणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आदल्या रात्री वस्तीत पाकिटे वाटली जातात हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि आमच्याकडेही वाटली गेली. आम्ही त्या रात्री गल्लीच्या तोंडाशी खुर्च्या टाकून बसलो होतो. शेजारच्या ताई सकाळी मतदानाला आल्या तेव्हा थेट म्हणाल्या, "त्यांनी दिले ते घेतले, पण मत कुणाला द्यायचे ते मीच ठरवले." त्यांना मी एवढेच सांगितले की पुढच्या वेळी ते परत करता आले तर करा. त्या हो म्हणाल्या.