त्याच्याकडून आलेली मते माझी कशी मानावीत?

गंगापूररोड_२२ यांचा प्रश्न

नमस्कार. मी नाशिकमध्येच वाढले, वय २२, आणि सध्या राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात दुसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न खासगी वाटेल, तरीही तो येथे विचारते, कारण घरी किंवा मैत्रिणींना विचारला तर उत्तर त्या मुलाविषयी मिळेल आणि मला त्या मुलाविषयी काहीच विचारायचे नाही.

पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून जवळजवळ तीन वर्षे माझे एका मुलावर प्रेम होते. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, एका विद्यार्थी संघटनेत काम करणारा, भरपूर वाचणारा आणि उत्तम बोलणारा होता. संध्याकाळी गोदाघाटाच्या पायऱ्यांवर बसून त्याने मला आरक्षण, शेतीमालाचे भाव, धरणातल्या पाण्याचे वाटप असे कितीतरी विषय समजावून सांगितले. तो बोलत असे आणि आपण मोठे होत आहोत असे मला वाटत असे. त्याने माझ्यावर कधीही काही लादले नाही, हे मुद्दाम लिहिते.

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्यानंतरच्या आठवड्यात मी निफाड तालुक्यातल्या मामाकडे गेले होते. जेवताना मी ठामपणे म्हणाले, की शहरात हातावर पोट असलेल्या माणसाला कांदा परवडलाच पाहिजे, तेव्हा बंदी योग्यच आहे. मामाने आवाज न चढवता विचारले, "आज लासलगावला लाल कांदा काय भावाने गेला, माहीत आहे का तुला?" मला माहीत नव्हते. मामीने ताटात भाकरी वाढली आणि विषय तेथेच संपला. त्या रात्री मी त्याला फोन करून, मामाला काय उत्तर द्यायला हवे होते, ते विचारून घेतले.

२० मे २०२४ रोजी मी लोकसभेसाठी आयुष्यातले पहिले मतदान केले. आदल्या रात्री मत कोणाला द्यावे, हेही मी त्यालाच विचारले. नाव सांगण्याआधी त्याने "तुला काय वाटते?" असे विचारले आणि मी म्हणाले, "तुला जे वाटते तेच." आज हे वाक्य मला सर्वांत जास्त टोचते.

गेल्या वर्षी तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि काही महिन्यांत आमचे संबंध संपले. भांडण झाले नाही. दुःख झाले, ते हळूहळू ओसरतही आहे. परंतु गेल्या महिन्यात वर्गातल्या चर्चेत शेतीमालाच्या भावावर बोलण्यासाठी उभी राहिले, पहिले वाक्य उच्चारले आणि लक्षात आले, की हे वाक्य त्याचे आहे. शब्द, मध्ये थांबण्याची जागा, इतकेच काय, हाताची खूणसुद्धा. पुढचे बोलता येईना. मी खाली बसले. तेव्हापासून कोणत्याही विषयावर तोंड उघडायचे म्हटले, की मी आधी आतल्या आत तपासते, हे माझे आहे की त्याचे, आणि तोवर बोलण्याची वेळ निघून जाते.

प्रेमात असताना घेतलेली मते प्रेम संपल्यावर टाकून द्यावीत का? टाकून द्यायची नसतील, तर त्यांतली माझी कोणती, हे कसे ओळखावे?

चांदवडची_लेक

बाळ, तुझा प्रश्न वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तुला "तू" म्हणते, राग मानू नकोस. माझी धाकटी लेक तुझ्याहून मोठी आहे.

माझे लग्न १९८३ साली ठरवून झाले, पण प्रेम नंतर जडले आणि ते जडले यजमानांच्या बोलण्यावर. १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनात रस्त्यावर बसलेल्या हजारो तरुणांपैकी ते एक होते. शेतीमालाला उत्पादन खर्चावर आधारित भाव मिळाला पाहिजे, हे ते इतक्या तळमळीने सांगत, की माहेरी कधीही राजकारणाचा शब्द न ऐकलेली मी सहा महिन्यांत शेजारणींना तेच समजावून सांगू लागले. त्यांचेच शब्द, त्यांचाच सूर. म्हणून तू वर्गात खाली बसलीस तो क्षण मला परका वाटला नाही.

नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन आमच्या चांदवडला भरले. तेवढ्या बायका एका जागी मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या आणि नंतरही पाहिल्या नाहीत. मी गेले ती यजमानांची बायको म्हणून, त्यांच्या कार्यकर्त्यांसाठी भाकरी बांधून घेऊन. तेथे स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्काविषयी बोलणे झाले. मी ऐकत होते आणि डोक्यात एक साधा हिशेब सुरू झाला: शेतकऱ्याच्या घामाचे मोल सरकार देत नाही, म्हणून आपण रस्त्यावर बसतो, मग निंदणी, खुरपणी आणि कांद्याची काढणी ज्या बाईच्या हाताने होते, तिच्या घामाचे मोल घरात कोण देते? हा विचार मी कोणाकडून घेतला नव्हता, आणि तरीही तो यजमानांच्याच विचारातून निघालेला होता. त्यांनी दिलेली मोजपट्टी मी त्यांच्याच घराला लावली होती.

घरी आल्यावर मी विचारले, की आपल्या चार एकरांत माझे नाव कोठे आहे. ते आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मी रडले, पण प्रश्न मागे घेतला नाही. पुढे संघटनेनेच बायकोच्या नावे जमीन करण्याचा लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा कोठे सातबाऱ्यावर दोन एकरांपुढे माझे नाव लागले. चांदवडपासून चार वर्षे गेली. आमचे प्रेम त्याने तुटले नाही. उलट, त्यानंतर ते मला काही सांगताना माझ्या तोंडाकडे पाहून बोलू लागले.

म्हणून तुला एवढेच सुचवते. एखादे मत कोणाकडून आले, याचा शोध घेत बसू नकोस. ज्याच्याकडून ते आले, त्याच्यासमोर उभी राहून, त्याला अडचणीत आणण्यासाठीही तू ते वापरू शकशील का, हे पाहा. वापरू शकत असशील तर ते तुझे झाले. तो समोर नसला तरी हे मनातल्या मनात करून पाहता येते.

कांदाउत्पादक_निफाड

ताई, आधी तुमच्या मामांच्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण तो प्रश्न केवळ तुम्हाला गप्प करण्यासाठी नव्हता.

डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर कोठारात, चार-सहा महिने राहतो. भाव पडला तर शेतकरी थांबू शकतो, थोडा सडेल हे गृहीत धरून. लाल कांद्याला तो पर्याय नाही. त्यात पाणी अधिक, साल पातळ. काढला की काही दिवसांत विकावाच लागतो. त्यामुळे याच महिन्यात निर्यात बंद झाली, की ज्याच्याकडे थांबण्याची सोय नाही नेमका तोच सापडतो. मामा तुम्हाला भाव विचारत होते, त्यामागे हे सगळे होते. एखाद्या वाक्यात ते सांगता येत नाही, म्हणून माणूस भाव विचारतो.

निर्णयांची साखळीही लक्षात ठेवा: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले, डिसेंबरात पूर्ण बंदी आली, ४ मे २०२४ रोजी टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून बंदी उठली, सप्टेंबरात किमान मूल्याची अट गेली व शुल्क २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य झाले. म्हणजे तुम्ही पहिले मतदान केले, तेव्हा बंदी उठून जेमतेम सोळा दिवस झाले होते. त्या सोळा दिवसांविषयी प्रत्येकाचे वेगळे मत असू शकते. माझेही आहे आणि ते कडवट आहे. परंतु तारखा सर्वांच्या एकच आहेत.

आता जरा वेगळे बोलतो. काकूंविषयी मला आदर वाटला, तरी त्यांची कसोटी मला अपुरी वाटते. मी अठरा ते बावीस या वयात वडिलांच्या प्रत्येक मताच्या विरुद्ध बोलत होतो. ते ज्या पक्षाचे, त्याच्या विरुद्ध पक्षाचा झेंडा मी मोटारसायकलला लावला होता. तेव्हा मला वाटे, की मी स्वतंत्र विचार करतो. वस्तुतः माझे प्रत्येक मत वडीलच ठरवत होते, फक्त उलट्या बाजूने. ज्या मुलाशी तुमचे आता नाते नाही, त्याच्याविरुद्ध एखादे मत वापरता येणे सोपे आहे. त्यात राग आयता मदतीला येतो. माझा पीळ सुटला तो वडील आजारी पडले आणि शेताचा हिशेब माझ्याकडे आला तेव्हा. बियाणे, खत, मजुरी, गाडीभाडे आणि हमाली हे सगळे वजा करून हातात काय उरते, ते वर्षभर वहीत लिहिल्यावर काही बाबतींत मी वडिलांच्या बाजूला गेलो, काही बाबतींत अधिकच दूर गेलो.

शिवाय शहरातल्या गरिबाला कांदा परवडावा, हे तुमचे म्हणणे चुकीचे नव्हते. माझी बहीण सातपूरला कारखान्यात काम करते, कांदा विकत घेते आणि भाव चढला की माझ्यावरच चिडते. तिचाही प्रश्न खरा आहे. ग्राहकाला दिलासा द्यायचा असेल, तर त्याची किंमत एकट्या उत्पादकाने का मोजावी, असा वाद घाला. तो घालण्यासारखा आहे. तुमच्या मताला हिशेबाची जोड नव्हती, एवढेच त्यात उणे होते. एकदा लासलगावच्या बाजार समितीत लिलाव पाहायला या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपुढे उभे राहून व्यापारी बोली लावतात आणि एका गाडीचा निकाल डोळ्यांदेखत लागतो. काही महिन्यांच्या कष्टांचा भाव किती कमी वेळात ठरतो, हे पाहिल्यावर तुम्हाला बोलताना कोणाची हाताची खूण आठवणार नाही.

पंचवटीकर

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. मला आत्मविश्वासाविषयी लिहावेसे वाटते, कारण मत आणि आत्मविश्वास यांची येथे गल्लत होते आहे. मत पूर्णपणे आपले झाल्याशिवाय बोलायचे नाही, असे ठरवले तर माणूस जन्मभर गप्प राहील.

मी काळाराम मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर राहतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्याच जिल्ह्यातले दादासाहेब गायकवाड तेव्हा २७ वर्षांचे होते आणि सत्याग्रहाचा बराचसा भार त्यांच्यावर होता. वर्षानुवर्षे माणसे दारांपुढे उभी राहिली; दार उघडले नाही. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवण्याचे मत कळवले आणि मंदिरप्रवेशाची चळवळ मूर्तिपूजेच्या ओढीने नव्हे, तर समाजाला जागे करण्यासाठी हाती घेतली होती, हेही स्पष्ट केले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. म्हणजे ज्या दारासाठी चार वर्षे लढले, त्याकडे पाठ फिरवण्याचा निर्णय त्यांनी उघडपणे आणि कारण देऊन घेतला. आधीचे मत उसने होते म्हणून नव्हे; त्या मतावर उभे राहून प्रत्यक्ष काम केले, म्हणून पुढचे दिसले. त्या दारावरून जाताना मला नेहमी वाटते, की ते गप्प बसून मत पक्के होण्याची वाट पाहत राहिले असते, तर येवल्याचा दिवस आलाच नसता.

तेव्हा वर्गात पुन्हा उभ्या राहा. वाक्य त्याचे असले तरी पूर्ण करा आणि कोणी उलट प्रश्न विचारला तर ऐकून घ्या. मतदानाच्या आदल्या रात्रीच्या त्या एका वाक्यासाठी स्वतःला इतके बोल लावू नका, असेही सांगावेसे वाटते. विसाव्या वर्षी ज्याच्यावर प्रेम केले त्याच्यावर विश्वास टाकला, यात कमीपणा नाही. त्याने तुम्हाला उलट विचारले होते, "तुला काय वाटते?" त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आजही उशीर झालेला नाही.

गंगापूररोड_२२

सर्वांचे मनापासून आभार. पंचवटीकर काका, तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी वही घेतली आणि "मला काय वाटते?" असा मथळा लिहून त्याखाली सात विषय लिहिले. दोन विषयांवर माझे काहीच मत नाही, हे पहिल्यांदाच कळले. इतके दिवस तेथे त्याचे मत असल्यामुळे ती रिकामी जागा दिसलीच नव्हती. धरणाच्या पाण्याविषयी मात्र मला अजूनही त्याचेच म्हणणे पटते. ते आता मी खोडणार नाही. काकू, तुमची कसोटी लावून पाहिली, तर स्त्रियांविषयी त्याने शिकवलेली एक-दोन वाक्ये त्याच्याच वागण्याला लागू पडतात. निफाडकर दादांनी लिहिल्याप्रमाणे त्यात राग किती आणि विचार किती, ते अजून ठरवता येत नाही, म्हणून त्यांपुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे.

मामाला काल फोन केला. सोमवारी तो ट्रॉली घेऊन लासलगावला जाणार आहे आणि मी रविवारी संध्याकाळीच त्याच्याकडे मुक्कामाला जाते आहे. वही बरोबर नेईन. हिशेब मामाकडून लिहून घेईन आणि रात्री मामीशी बोलेन. त्या दिवशी ती भाकरी वाढून गप्प राहिली होती, आणि चाळीतला सडका कांदा निवडून बाजूला काढण्याचे काम इतकी वर्षे तीच करते.