मदत हवी आहे: पुतळ्यांच्या माळेतील टायबेरियसचे नाणे अस्सल की नक्कल?

नमस्कार. आजीच्या पश्चात आमच्याकडे आलेल्या पुतळ्यांच्या माळेत एक नाणे बाकीच्यांहून निराळे आहे. पुतळ्या पातळ आणि चपट्या आहेत. हे मात्र जाड असून त्यावरचा चेहरा चांगलाच उठावदार आहे. डोक्यावर पर्णमुकुट घातलेला, उजवीकडे पाहणारा पुरुष एका बाजूस आणि हातात राजदंड व डहाळी घेऊन आसनावर बसलेली स्त्री दुसऱ्या बाजूस, यावरून हा रोमन सम्राट टायबेरियसचा (इ. स. १४ ते ३७) ऑरियस, म्हणजे रोमन सोन्याचे नाणे असावा, असे मी समजत होतो. स्त्रीच्या बाजूचे ‘पाँटिफ मॅक्सिम’ (सम्राटाची ‘प्रमुख पुरोहित’ ही लॅटिन पदवी) स्पष्ट वाचता येते. सम्राटाभोवतीची अक्षरे मात्र मध्येच वेडीवाकडी होतात, आणि तिथूनच शंकेला सुरुवात झाली.

तुटलेली कडी काढून सराफाकडे तोलले, तेव्हा वजन ७.१२ ग्रॅम भरले. टायबेरियसच्या आधीचा सम्राट ऑगस्टस याच्या काळी एका रोमन पौंड सोन्यातून साधारण ४० नाणी पाडत आणि टायबेरियसची नाणीही पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असत. पुढे सम्राट नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास हे प्रमाण ४५ वर नेले, म्हणजे नाणे सव्वासात ग्रॅमवर आले. माझ्या नाण्याचा छाप टायबेरियसचा, वजन मात्र नीरोनंतरचे! झिजेने अर्ध्या ग्रॅमहून अधिक सोने जावे, इतका तर चेहरा झिजलेला नाही.

भारतात ऑगस्टस आणि टायबेरियसच्या नाण्यांच्या नकला होत असत व त्यांवरील लेख पुष्कळदा अर्थहीन असे, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे मराठवाड्यातील तेरला तर रोमन नाण्यांच्या धर्तीची भाजक्या मातीची पदकेही सापडली आहेत. परंतु सम्राटाच्या मानेवर छिन्नीने मारल्यासारखा एक खोल घाव आहे, आणि १८९८ मध्ये तमिळनाडूतील पुदुकोट्टैला मिळालेल्या साठ्यातील बहुतेक ऑरियसांवर असेच घाव होते. नकलेवर कोणी असा घाव कशाला घालील?

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. घाव जुना की अलीकडचा, हे भिंगाखाली कशावरून ओळखावे? आणि कस न लावता, केवळ पाण्यात तोलून काढलेल्या घनतेवरून नक्कल ओळखता येईल का? सराफ ते वितळवून नवी पुतळी करून देतो म्हणाले, म्हणून मी माळ तशीच परत घेऊन आलो. दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे मोजपट्टी ठेवून काढली आहेत. ती इथे देत आहे.