एटीपी वाढवूनही पीएफके मंदावत का नाही?

प्रश्न: सशाच्या स्नायूतलं फॉस्फोफ्रुक्टोकायनेज (पीएफके, साखर तोडून ऊर्जा मिळवण्याच्या साखळीतलं एन्झाइम) मोजतोय. एटीपी (पेशीचा ऊर्जा-रेणू) ०.५ वरून ३ मिलीमोलरवर नेला तरी वेग उतरत नाही. ट्रिस बफर, पीएच ८.२. एटीपी तर याचा रोधक, म्हणजे वेग कमी करणारा, ना? चुकतंय कुठे?

उत्तर १: पीएच! ८ च्या वर एटीपीचा रोध जवळपास दिसतच नाही. ७.० वर या. फ्रुक्टोज-६-फॉस्फेटही (पीएफके ज्यावर काम करतं ते) कमी ठेवा, ते भरपूर असलं की रोध झाकला जातो. मॅग्नेशियम मात्र एटीपीपेक्षा जास्तच हवं.

उत्तर २: अल्डोलेज वगैरे जोड-एन्झाइमं (पीएफकेचा वेग मोजता यावा म्हणून पुढे जोडलेली) अमोनियम सल्फेटातली आहेत का? अमोनियम आयन पीएफकेला चेतवतो, म्हणून आधी डायलिसिस करा (पडद्यातून क्षार काढून टाका). आणि ३४० नॅनोमीटरला वाचताना लक्षात ठेवा, पीएफकेने बनवलेल्या एका फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटमागे दोन एनएडीएच (३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषणारे रेणू) खर्च होतात. वेग २ ने भागायचा.

प्रश्नकर्ता: डायलिसिस राहिलंच होतं! पण जिवंत स्नायूत एटीपी फारसा हलत नाही, मग पीएफकेला लगाम कसा लागतो?

उत्तर १: यातलं सगळ्यात सुंदर हेच. अ‍ॅडेनिलेट कायनेज हे एन्झाइम दोन एडीपींपासून (एटीपी वापरल्यावर उरणारा रेणू) एक एटीपी आणि एक एएमपी (एकच फॉस्फेट असलेला रेणू) बनवतं. एएमपी मुळात अगदी थोडा असतो. त्यामुळे एटीपी जरासा घटला तरी एएमपी कित्येक पटींनी चढतो, आणि तोच एटीपीचा रोध दूर करतो.