केमिकल सूटमध्ये ड्रिल केल्यावर लघवीच होत नाही. किडनीचं काही?

रबाळेकर:
रबाळे एमआयडीसीत इमर्जन्सी टीममध्ये आहे. पंधरवड्याला गळतीचं मॉक ड्रिल. सगळीकडून बंद सूट, पाठीवर सिलेंडर, चाळीस मिनिटं. परवा मुद्दाम आधी-नंतर वजन केलं, ७२.६ चं ७१.२! नंतर लिटरभर पाणी प्यायलो, तरी चार तास लघवी नाही. झाली ती गडद, हळदीच्या पाण्यासारखी. बायको म्हणते किडनी दाखव. खरं सांगतो, ड्रिलच्या दिवशी सकाळपासून मी पाणी पीतच नाही. सूट चढवल्यावर लागली तर पंचाईत.

मास्तरीणबाई_ठाणे:
फिजिऑलॉजी शिकवते. किडनी बिचारी हुकमाची ताबेदार. घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो, म्हणून तो गेला की मागचं रक्त जास्त खारट होतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते लगेच कळतं, त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे पाणी राखणारं हार्मोन सुटतं आणि किडनी लघवीतलं पाणी परत ओढते. तहान त्यानंतर लागते. रक्ताचं आकारमानही घटतं, मग किडनीतलं रेनिन हे एन्झाइम रक्तात अँजिओटेन्सिन हे हार्मोन तयार करवतं आणि त्याच्या सांगण्यावरून किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन मीठ धरून ठेवतं. वर उष्णतेच्या ताणाचं हार्मोन, कॉर्टिसॉल. घाम वाळला तरच गारवा. तुमच्या सूटमध्ये तो नुसता गळतो, अंग तापलेलंच, म्हणून आणखी घाम. आणि तुम्ही सकाळपासून कोरडे, म्हणजे झिप लावायच्या आधीच व्हॅसोप्रेसिन चढलेलं!

जुना_फायरमन:
बाई बरोबर. फक्त एक, नंतर साधं पाणी ढोसू नका. रक्त पातळ झालं की तहान मरते, व्हॅसोप्रेसिन उतरतं आणि तूट भरायच्या आत पाणी लघवीवाटे जातं. ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं एका लिटरमध्ये, अंदाजपंचे अर्धं नाही. बीपी असेल तर डॉक्टरांना विचारून. लघवी कोलासारखी झाली आणि मांड्या ठणकल्या तर मात्र इथे लिहीत बसू नका, थेट हॉस्पिटल.

रबाळेकर:
काल दोन तास आधी अर्धा लिटर प्यायलो, नंतर घोट घोट ओआरएस. सूटमध्ये लागली नाही, सगळं घाम होऊन गमबुटात उतरलं. दीड तासात लघवी, फिकट. क्रिएटिनिनही (किडनीची रक्ततपासणी) करून घेतलं, ०.९, नॉर्मल. रिपोर्ट बायकोला पाठवलाय. ती म्हणते, घरी तरी पाणी कुठे पितोस?