परदेशातील लोकशाही आणि मानवी हक्कांसाठी संसद सदस्य नेमके काय करू शकतो?

प्रश्नांकित

परराष्ट्र धोरण जवळजवळ सर्वच देशांत सरकारच्या अखत्यारीत असते. राजदूत सरकार नेमते, करार सरकार करते आणि वाटाघाटींना बसतात तेही सरकारचेच प्रतिनिधी. असे असूनही अनेक संसदांमध्ये काही सदस्य असे आढळतात, की परक्या देशातील राजबंदी, बंद पाडलेली वृत्तपत्रे किंवा लुबाडलेल्या निवडणुका हाच त्यांच्या कामाचा मोठा भाग असतो. माझ्या दोन शंका आहेत. निषेधाची भाषणे आणि ठराव यांपलीकडे अशा सदस्याच्या हाती खरोखर काही असते का? आणि जिथल्या एकाही माणसाने त्याला मत दिलेले नाही, तिथल्या कारभारात लक्ष घालण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? शक्यतो प्रत्यक्ष उदाहरणांसह उत्तर द्यावे. नुसती तत्त्वचर्चा बरीच वाचून झाली आहे.

दप्तरदार

आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर मिळाले की पहिलीचेही बरेचसे मिळते. संसद सदस्य परक्या सरकारला कसलाही आदेश देऊ शकत नाही. पण स्वतःच्या सरकारचे हात तो बांधू शकतो, आणि ते सरकार जर एखाद्या जुलमी राजवटीला पैसा, शस्त्रे किंवा व्यापारी सवलती देत असेल, तर त्यातला पैसा त्याच्याच मतदारांच्या करातून गेलेला असतो. त्याचा हिशेब मागणे हे त्याचे घरचेच काम आहे.

याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण अमेरिकेच्या टॉम हार्किन यांचे आहे. १९७० मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे एक शिष्टमंडळ दक्षिण व्हिएतनामला गेले होते आणि हार्किन त्या वेळी सदस्य नव्हते, केवळ एक सहायक होते. कॉन सॉन बेटावरील तुरुंग पाहण्यासाठी दोन प्रतिनिधी आणि हार्किन गेले, तेव्हा त्यांच्याजवळ एका माजी कैद्याने काढून दिलेला नकाशा होता. अधिकाऱ्यांनी आखलेला मार्ग सोडून ते त्या नकाशाप्रमाणे चालत गेले आणि ज्यांचे अस्तित्वच नाकारले जात होते अशा ‘वाघाच्या पिंजऱ्यां’पर्यंत पोहोचले. वरच्या गजांमधून खाली डांबलेली माणसे दिसत होती. हार्किन यांनी काढलेली छायाचित्रे त्याच वर्षी जुलैमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात छापून आली. तो तुरुंग अमेरिकेच्या पैशावर पोसलेल्या सरकारचा होता, हे येथे विसरून चालणार नाही.

पुढे हार्किन स्वतः निवडून आले आणि १९७५ मध्ये, प्रतिनिधिगृहातल्या पहिल्याच वर्षी, त्यांनी परदेशी मदतीच्या कायद्यात दुरुस्ती घडवून आणली: जे सरकार मानवी हक्कांची सातत्याने आणि गंभीर पायमल्ली करते त्याला आर्थिक मदत मिळणार नाही, मात्र ती थेट गरजू लोकांपर्यंत पोहोचत असेल तर अपवाद. हा अपवाद मला मूळ नियमाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण राज्यकर्त्यांच्या गुन्ह्याची शिक्षा उपाशी माणसाला होऊ नये याचा विचार त्यात आहे.

याची पूर्वतयारी प्रतिनिधिगृहाचे सदस्य डोनाल्ड फ्रेझर यांनी केली होती. एका फारशा परिचित नसलेल्या उपसमितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी १९७३ च्या ऑगस्टपासून मानवी हक्कांवर सुनावण्या घेतल्या. सुनावणी म्हटले की आपल्याला कंटाळवाणे कामकाज आठवते. पण परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याला समितीसमोर येऊन नोंदीवर उत्तर द्यावे लागते, तेव्हा खात्याला ते उत्तर आधी शोधावे लागते. देशोदेशींच्या मानवी हक्कांवर अमेरिकेचे परराष्ट्र खाते जे वार्षिक अहवाल काढू लागले, ते याच काळात संसदेने केलेल्या कायद्यांमुळे; खात्याला उत्साह होता म्हणून नव्हे.

आणि ठराव सोडून कायदा झाला की काय घडते, ते १९८६ मध्ये दिसले. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध निर्बंध घालणारे विधेयक राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवले, तेव्हा प्रतिनिधिगृहाने ३१३ विरुद्ध ८३ आणि सिनेटने ७८ विरुद्ध २१ मतांनी तो नकाराधिकार मोडून काढला. सिनेटमध्ये तेव्हा रेगन यांच्याच पक्षाचे बहुमत होते. प्रतिनिधिगृहाचे सदस्य रॉन डेलम्स यांनी अशा निर्बंधांचे विधेयक पहिल्यांदा १९७२ मध्ये मांडले होते, म्हणजे मधली चौदा वर्षे चिकाटीची. निर्बंध उठवण्याच्या अटीही कायद्यातच लिहिल्या होत्या आणि त्यांत नेल्सन मंडेला यांची सुटका होती.

ऐलतीर

दप्तरदार यांनी यशस्वी उदाहरणे निवडली आहेत. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे.

सोव्हिएत संघातून बाहेर पडू इच्छिणाऱ्या ज्यू नागरिकांना अडवले जात होते. त्यावर सिनेटर हेन्री जॅक्सन आणि प्रतिनिधी चार्ल्स व्हॅनिक यांनी १९७४ च्या व्यापार कायद्यात दुरुस्ती घातली: देश सोडण्याचे स्वातंत्र्य नसेल तर व्यापारी सवलत नाही. हेतू निर्दोष होता. परंतु जानेवारी १९७५ मध्ये मॉस्कोने व्यापार करारच झिडकारला. १९७३ मध्ये सुमारे ३५ हजार ज्यू बाहेर पडले होते, १९७५ मध्ये ही संख्या सुमारे १३ हजारांवर आली. १९७९ मध्ये ती पुन्हा ५१ हजारांवर गेली आणि १९८४ मध्ये हजाराच्याही खाली घसरली, आणि या सर्व काळात कायद्याचे शब्द तेच होते. म्हणजे दरवाजा उघडणे-मिटणे हे दोन महासत्तांच्या एकूण संबंधांवर ठरत होते. संसद सदस्याला टाळ्या आपल्या मतदारसंघात मिळतात, आणि किंमत मात्र दुसराच कोणी चुकवतो.

शिवाय, हे सदस्य नेहमी निर्मळच असतात असे गृहीत का धरावे? युरोप परिषदेच्या संसदीय सभेत, म्हणजे सदस्य देशांच्या संसदांतून आलेल्या प्रतिनिधींच्या सभेत, जानेवारी २०१३ मध्ये अझरबैजानमधील राजकीय कैद्यांवरचा अहवाल ७९ विरुद्ध १२५ मतांनी फेटाळला गेला. पुढे सभेनेच नेमलेल्या स्वतंत्र चौकशी गटाने २०१८ मध्ये आपला अहवाल दिला, तेव्हा काही सदस्यांनी अझरबैजानच्या हितासाठी भ्रष्ट आचरण केल्याचा गंभीर संशय त्यात नोंदवला. या प्रकाराला तिकडे ‘कॅव्हियार मुत्सद्देगिरी’ (कॅव्हियार म्हणजे माशांची महागडी अंडी) असे नाव पडले आहे. राजदूताला निदान खात्याची शिस्त असते. निवडणूक निरीक्षक म्हणून चार दिवस पाहुणचार घेऊन ‘मतदान शांततेत पार पडले’ असे प्रमाणपत्र देणाऱ्या सदस्याला विचारणारे कोण?

प्रश्नांकित

दोघांचेही आभार. दप्तरदार यांचा ‘स्वतःच्या सरकारचे हात बांधणे’ हा मुद्दा मला पटला, परंतु त्यातून एक उपप्रश्न निघतो. शत्रुराष्ट्राविरुद्ध बोलणे सोपे असते आणि सरकारही त्यावर खूश असते. मित्रराष्ट्राचा किंवा स्वतःच्याच सरकारचा गुन्हा परक्या भूमीवर घडत असेल तर असे सदस्य काय करतात?

उत्तररात्र

या उपप्रश्नासाठी डिक मार्टी यांचे नाव घ्यावे लागेल. ते स्वित्झर्लंडच्या संसदेतील वरिष्ठ सभागृहाचे सदस्य होते आणि त्याआधी सरकारी वकील होते. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने संशयितांना युरोपात गुप्तपणे डांबून ठेवल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा ऐलतीर यांनी ज्या सभेवर टीका केली आहे त्याच संसदीय सभेने चौकशीचे काम त्यांच्यावर सोपवले. त्यांना साक्षीदाराला बोलावण्याची सक्ती करता येत नव्हती आणि झडती घेण्याचा अधिकारही नव्हता. त्यांनी विमानांच्या उड्डाणांच्या नोंदी मिळवल्या आणि त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. त्यांच्या २००६ च्या अहवालात चौदा युरोपीय देशांचे संगनमत नमूद केले होते आणि २००७ च्या अहवालात पोलंड व रुमानियातील गुप्त कोठड्यांवर थेट बोट ठेवले होते. दोन्ही सरकारांनी इन्कार केला. जुलै २०१४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने पोलंडला दोषी ठरवले. सुरुवातीला ज्या कामाची अनेकांनी हेटाळणी केली, ते सात वर्षांनी न्यायालयात टिकले.

अमेरिकेतही सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १९९७ पासून आहे. त्याची खुबी अशी की तो देशाला नव्हे, तर लष्कराच्या किंवा पोलिसांच्या विशिष्ट तुकडीला लागू होतो: त्या तुकडीने गंभीर अत्याचार केल्याची विश्वसनीय माहिती असेल तर तिला मदत नाही, मग तो देश कितीही जवळचा असो. अंमलबजावणीत मित्रांना झुकते माप मिळते ही तक्रार सतत होत आली आहे आणि ती मला निराधार वाटत नाही. तरीही कायदा पुस्तकात असल्यामुळे पुढच्या सदस्याला विचारायला निश्चित प्रश्न तरी मिळतो.

एक कमी गाजणारा मार्ग वैयक्तिक पाठराखणीचा आहे. देशोदेशींच्या संसदांची संघटना असलेला आंतरसंसदीय संघ १८८९ मध्ये स्थापन झाला, आणि छळ होणाऱ्या संसद सदस्यांची प्रकरणे हाताळणारी त्याची समिती १९७६ पासून काम करते. जर्मन संसदेत ‘सदस्यांकडून सदस्यांचे संरक्षण’ हा उपक्रम २००३ पासून चालतो आणि त्यात मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनाही घेतात. एक सदस्य एका व्यक्तीची जबाबदारी घेतो, पत्रे लिहितो, राजदूताला भेटतो, खटल्याला हजर राहण्याची परवानगी मागतो. ती बहुधा नाकारली जाते. पण या कैद्यावर कोणाचे तरी लक्ष आहे हे तुरुंगाधिकाऱ्याला कळते.

दप्तरदार

ऐलतीर यांचे आकडे बरोबर आहेत आणि निर्बंधांचा परिणाम केवळ कायद्याच्या शब्दांवर अवलंबून नसतो हे मी मान्य करतो. निवडणूक निरीक्षकांबद्दलही त्यांच्याशी वाद नाही; मात्र अमेरिकी सिनेटर रिचर्ड लुगर यांच्यासारखे अपवाद आहेत. १९८६ च्या फेब्रुवारीत ते फिलिपिन्समध्ये निरीक्षक म्हणून गेले आणि परत आल्यावर, व्हाइट हाउसला गैरसोयीचे असूनही, तिथले राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या बाजूने गैरप्रकार झाल्याचे त्यांनी उघड सांगितले.

जॅक्सन यांच्या दुरुस्तीबाबत मात्र एक गोष्ट जोडावीशी वाटते, कारण ती मूळ प्रश्नातील ‘अधिकार कोणी दिला’ या शंकेशी जोडलेली आहे. सप्टेंबर १९७३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ आणि मानवी हक्कांचे पुरस्कर्ते आंद्रेई सखारोव यांनी मॉस्कोतून अमेरिकी काँग्रेसला खुले पत्र लिहिले आणि ही दुरुस्ती मंजूर करावी अशी विनंती केली. दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घाला, असे तिथलेच धर्मगुरू डेस्मंड टूटू यांनीही जाहीरपणे सांगितले होते, आणि त्याची झळ आपल्याच लोकांना बसणार हे त्यांना माहीत होते. किंमत कोण चुकवणार हा ऐलतीर यांचा प्रश्न योग्यच आहे; या दोन प्रसंगी चुकवणाऱ्यांपैकी काहींनी तो आधीच विचारात घेतला होता. जिथे अशी हाक तिथून आलेली नाही, तिथल्या ठरावांकडे मीही साशंकतेनेच पाहतो.